घर किती दिवस बंद असतं?

काल फ्लॅटचा विमा काढून द्यायला एक मुलगी आली होती. आगीचा घ्यायचा की चोरीचाही, असं आमचं चाललेलं. मध्येच विचारते, “आजी, घर सलग किती दिवस बंद असतं?”

“बंद कशाला असेल गं? मी असतेच की.”

“मुलाकडे, लेकीकडे जात नाही?”

“बोलावलं तर जाईन.”

ती खुशीत हसली. “मग काळजीच नाही! चोर येईलच कशाला?”

खरंच आहे म्हणा. हे गेल्यापासून संध्याकाळचा दिवा इथे एकदाही चुकलेला नाही. ती गेल्यावर मात्र मी उगाचच दाराला कुलूप घातलं आणि खाली बाकावर जाऊन बसले. म्हटलं, घरालाही कळू दे, वाट बघणं काय असतं ते.