शिवलेल्या पोत्याचं वजन

पुसाचा महिना होता. चोरखमाऱ्याच्या तलावावरून उठलेलं धुकं आठ वाजले तरी धानाच्या बांध्यांमध्ये बसून होतं. उन्हाळी धानाचे पऱ्हे, लावणीची कोवळी रोपं, थंडीनं पिवळे पडायला लागले होते, म्हणून योगेश्वरीचा बाप, रामलाल, पहाटेच पाणी धरायला गेलेला. योगेश्वरीनं गोठा काढला, शेणाच्या तीन टोपल्या उकिरड्यावर टाकल्या, राखेनं हात घासून धुतले आणि धान साठवायच्या ढोलीला टेकवलेल्या टेबलापाशी येऊन बसली. टेबलावर लॅपटॉप. त्याच्या बाजूला साबणाच्या डबीएवढी एक करडी डबी. ती डबी गावच्या आशाताईची, पुष्पांजलीची. बिघडली म्हणून आठवडाभर इथं पडून होती. आणि त्या डबीत योगेश्वरीच्या चुलत बहिणीचं, ओमेश्वरीचं, लग्न अडकलं होतं.

योगेश्वरी चौतीस वर्षांची. गोंदियात इंजिनिअर झाली, हैदराबादेत सात वर्षं मोबाइलच्या चिपांवर काम केलं. कोरोनात घरी आली, त्याच पावसाळ्यात आई गेली, मग परत जाणं झालंच नाही. घरात पोवारी, गावात झाडी, गोंदियाच्या दुकानात हिंदी आणि कामाच्या लोकांशी इंग्रजी, अशा चार बोल्यांत तिचा दिवस जायचा. पण ती नेमकं काय करते हे एकाही बोलीत कुणाला कळत नव्हतं. काकीला, म्हणजे ओमेश्वरीच्या आईला, रामबाईला, तिनं एकदा समजावून पाहिलं होतं.

"मोबाइलच्या चिपमंदी, काकी, एक मागची खोली रायते. समोरच्या घरात चोर शिरला, घरधनीच चोर निंघाला, तरी त्या खोलीत कोनाले जाता येत नाई. जपून ठेवाचं ते तिथं ठेवाचं. त्या खोलीचं कुलूप बनवाचं माह्यं काम."

"आन् किल्ली?"

"किल्ली त्या खोलीतच जन्मते, तिथंच मरते. भाईर येतच नाई."

"तुह्यापाशी बी नाई?"

"माह्यापाशी बी नाई."

"मंग लोहार कायची वो तू?" असं म्हणून काकी पदर तोंडाला लावून हसली होती.

कुलूप कसं बनवलं ते योगेश्वरी लपवत नव्हती. लिहिलेली ओळ न् ओळ ती इंटरनेटवर उघडी ठेवायची. ज्याला वाचायची त्यानं वाचावी, चूक दिसली तर सांगावी, कामी आलं तर फुकट घेऊन जावं. कुलपाचा नकाशा चावडीवर टांगून ठेवायचा आणि तरी कुलूप उघडू नये, ही तिच्या कामातली इज्जत. पोटासाठी ती एका कंपनीचं काम करायची; हे त्याच्यावरचं, स्वतःचं.

ह्या नादाला ती लागली त्याचं कारण जुनं होतं. ती सातवीत असताना शाळेत सिकलसेलची, आईबापांकडून रक्तात उतरणाऱ्या आजाराची, तपासणी झाली आणि निकालाचा कागद उपकेंद्राच्या भिंतीला खळ लावून चिकटवला गेला. तिच्या बाकावरच्या रुचिकाच्या नावापुढं तांबडी खूण होती. पोरांनी ती वाचली, पोरांच्या आयांनी वाचली. रुचिकाला पुढं एकही पाहुणा बघायला आला नाही. ती नागपूरला कुणाच्या घरी कामाला गेली ती परतली नाही. कागद पावसानं गळून पडेपर्यंत भिंतीवर होता.

म्हणून दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं सिकलसेलच्या तपासणीचे निकाल ठेवायला आशाताईंना करड्या डब्या वाटल्या, आणि डबी सुरू करताना पडद्यावर योगेश्वरीनंच लिहिलेली एक ओळ उमटली, तेव्हा ती चुलीपाशी जाऊन उगाच बसून राहिली होती. इतक्या लांबून फिरून तिचं कुलूप तिच्याच गावात आलं होतं. पुष्पांजली दारोदार फिरून सांगायची, "आता भिंतीवर कागद लागनार नाई, बाई. ज्याचा अंगठा त्यालेच दिसते. रामलालभाऊच्या पोरीनं कुलूप बनवलं हाये." त्या भरवशावर त्रेसष्ट जणांनी बोटं टोचून घेतली. प्रत्येकाला नंबराची एक चिठ्ठी मिळाली. ओमेश्वरीची चिठ्ठी सतरा नंबरची.

ओमेश्वरी तेवीसची. तिरोड्याकडच्या तिलकशी तिचं जमलं होतं. कुळं पाहून झाली होती, पोरानं पोरीला, पोरीनं पोराला पसंत केलं होतं, माघात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, धरलं होतं. राहिला होता तो फक्त तिलकच्या मामाचा, श्यामलालचा, होकार. राइस मिलच्या काट्यावर तीस वर्षं पोती मोजलेला माणूस. गाडीतून पोतं उतरायच्या आत नुसतं पाहून किलो सांगतो, अशी त्याची ख्याती. बिघडलेली डबी योगेश्वरीच्या घरी आहे हे त्याच्या कानावर गेलं आणि त्या सकाळी, धुकं उठायच्या आत, तो रामबाईला घेऊन दारात उभा राहिला. ओमेश्वरी शेतावर गेली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

चहा झाला. श्यामलालनं बशी खाली ठेवली.

"बाई, एवढी सतरा नंबरची उघडून दाखव. घरची गोष्ट हाये, घरातच राहीन."

"उघडत नाई, मामाजी."

"तूच बनवली म्हनते ना गाव?"

"म्हनूनच उघडत नाई."

"उघडत नाई, का उघडाचं नाई?" श्यामलाल रामबाईकडे पाहून हसला. "दोनीत फरक हाये बरं."

रामबाईचा चेहरा पडला. "दाखवून टाक न वो बाई. नाई म्हनशीन त हे लोक समजतीन का आमी लपवून राहिलो. माह्या पोरीले काही नाई, म्हनून त चिठ्ठी घेऊन आली मी." तिनं कमरेच्या बटव्यातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

डबी कापडात गुंडाळून 'ही पुष्पांजलीची अमानत आहे' म्हणायचं, की विषय संपला असता. पण श्यामलालचं ते हसणं तिला लागलं. माझ्या कुलपाला खोटं म्हणतो हा. बघच म्हणावं. तिनं डबीतून नखाएवढं कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं आणि पडदा त्या दोघांकडे फिरवला.

एकाखाली एक, नावं नसलेल्या त्रेसष्ट फाइली. नुसते नंबर. तिनं सतरावर बोट ठेवून ती उघडली. पडदाभर अक्षरं सांडली, ना मराठी ना इंग्रजी, कढईतून लाह्या उडाव्या तशी.

"पाहा. हे मले बी असंच दिसते. देवाले बी असंच दिसन."

श्यामलालनं चष्मा लावला. वाकून, सावकाश पाहिलं. "बराबर. काईच समजत नाई." मग मागं झाला आणि म्हणाला, "ते पयलंवालं पान आन पुन्हा."

तिनं यादी पुन्हा आणली.

"ह्या नंबरापुढं जे आकडे हायेत, ते कायचे?"

"ते फाइलीचं माप."

"माप म्हनजे वजनच न."

"हो, तसंच," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिची नजर त्या आकड्यांवर गेली.

श्यामलालचं बोट यादीवरून उतरत गेलं. चार. चार. चार. चार. नवव्याशी थांबलं. बारा. पुन्हा चार, चार. सतराव्याशी थांबलं. बारा. तिथून त्रेसष्टपर्यंत सगळे चार.

"नऊ नंबर कोनाची?" त्यानं सहज विचारलं.

"नऊ त आपल्या चैतरामची," रामबाई बोलून गेली. "तो बसमंदी सवलतीसाठी चिठ्ठी दाखवत फिरते ना..." आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. चैतरामला सिकलसेल आहे हे कुत्र्यालाही ठाऊक होतं. महिन्यातून एकदा तो गोंदियाच्या दवाखान्यात पडलेला असायचा.

"मामाजी, माप कशानं बी वाढते," योगेश्वरी घाईनं म्हणाली. "नाव चुकलं म्हनून दोनदा भरलं, पत्ता लांब टाकला, रक्त पुन्हा घ्या लागलं. त्यानं काई समजत नाई."

"मी कुठं म्हनलो आत काय हाये म्हनून?" श्यामलाल चष्मा पुसत होता. आवाजात जराही राग नव्हता. "तीस वर्सं काट्यावर उभा हावो, बाई. पोतं शिवलेलं असलं तरी वजन त दिसतेच."

"आन् तिलकची तपासनी केली का? दोघंही वाहक असले तरच लेकराले धोका रायते. एकल्या पोरीचं पाहून..."

"पोराले काय झालं?" त्यानं खरोखरच आश्चर्यानं विचारलं.

तो उठला, रामलालला रामराम सांगायला सांगून गेला. रामबाई बसून राहिली. मग तिनं टेबलावरची चिठ्ठी उचलली, बटव्यात घातली आणि आपल्या घरी गेली. चौथ्या दिवशी निरोप आला. पोराचं आत्ताच मन नाही.

योगेश्वरीनं त्या दिवशी जुना पत्रव्यवहार उघडला. दोन वर्षांमागं, डब्या गावात यायच्याही आधी, कुठल्या तरी परदेशातल्या माणसानं तिची ओळ न् ओळ वाचून लिहिलं होतं: आतलं काही दिसत नाही, पण कुणाची फाइल किती मोठी ते दिसतं, त्यावरून लोक अंदाज बांधतील, सगळ्या फाइली एकाच मापाच्या करा. खाली तिचं उत्तर होतं. बरोबर आहे. पुढं बघू. एका मापाच्या केल्या तर कार्ड लवकर भरतं, डबी हळू चालते, म्हणून तिनं ते मागं टाकलं होतं. तेव्हा तिच्या डोळ्यासमोर चोर होता. लॅपटॉपवाला, लांब कुठल्या शहरातला, हुशार. काट्यावरचा म्हातारा नव्हता.

पुष्पांजली दुरुस्त झालेली डबी न्यायला आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मी कोनाकोनाच्या पाया पडली ते तुले मालूम हाये का, बाई? म्हाताऱ्याइले समजावलं, नवऱ्याइच्या शिव्या खाल्ल्या. कोनाले कळनार नाई म्हनलं. तुह्या नावावर म्हनलं."

"चुकलं, ताई."

"चुकलं त चुकलं. चोरानं फोडलं असतं त मी लोकाइले सांगतलं असतं, चोरानं फोडलं. आता काय सांगू?"

योगेश्वरीनं दोन दिवस डबी मागून घेतली. दोन वर्षं पडून राहिलेलं काम दीड दिवसात झालं. पन्नासेक ओळी. आता एक शब्द लिहा की पानभर, सगळ्या फाइली बारावर बारा. बदल का केला ते दोन शब्दांत लिहावं लागतं, म्हणून तिनं लिहिलं: मापावरून माणूस ओळखू येतो. लांबलांबच्या लोकांनी शाबासकी दिली. एकानं विचारलं, ह्यामुळं प्रत्यक्षात कुणाचं नुकसान झालेलं माहीत आहे का? ते पान तिनं तसंच बंद केलं.

माघात पुन्हा शिबिर लागलं. पुष्पांजली सकाळपासून अंगणवाडीत टेबल मांडून बसली. चार जण आले. त्यातला एक चैतराम, आणि त्याला तपासून घ्यायचं काही उरलंच नव्हतं. तो पुष्पांजलीला एकटं वाटू नये म्हणून आला होता.

साक्षगंधाचा म्हणून धरलेला दिवस तसाच उजाडला. धुकं नव्हतं, पण वारा बोचरा होता. योगेश्वरी लाखोरीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी खुडायला बांधीत गेली. थोड्या वेळानं शेताच्या धुऱ्यावरून ओमेश्वरी आली, कमरेला टोपली लावून. महिनाभर ती समोर आली नव्हती. तिनं शेजारची ओळ धरली आणि वाकली.

शेंडे पटापट तिच्या टोपलीत पडू लागले.

"गावात मले सतरा नंबर म्हनून राहिले," ओमेश्वरी म्हणाली.

योगेश्वरीनं पुढची काडी खुडली.

"तू इचारलं नाई अजून."

"काय?"

"फाइल मोठी काऊन हाये ते." ओमेश्वरी खुडतच होती. "अंगठा त माह्याच हाये. पुष्पांजलीताईच्या घरी जाऊन मी उघडून पाहिली. सांगू?"

योगेश्वरीचे हात थांबले. नाव चुकलं असेल, दोनदा भरलं असेल. एवढंच निघालं तर तिला निदान रात्रीची झोप येणार होती. आणि नाही निघालं तर श्यामलाल खोटा ठरणार नव्हता, लग्न निदान चुकीच्या अंदाजावर मोडलं असं झालं नसतं. दोन्ही बाजूंनी फायदा तिचाच.

"नको सांगू," ती म्हणाली.

"काऊन? कुलूपवाली म्हनून?"

"तुह्यं हाये ते. माह्यं नाई."

ओमेश्वरी हसली, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "हे त्या दिवशी म्हनली असती त." तिनं टोपली पुढं सरकवली. "आईले सांगतलं मी, काय लिहिलं हाये ते. मोबाइलमंदी फोटो काढून दाखवला. तिले खरं वाटलं नाई."

"काकीले?"

"म्हने, मामाजीनं पाहिलं ते काय खोटं?"

वारा बांधीवरून गेला आणि लाखोरी एका अंगाला झुकली. योगेश्वरीला काहीतरी म्हणायचं होतं, पण जे सुचलं ते सगळं स्वतःच्या सोयीचं होतं. तिनं मुठीतली भाजी टोपलीत टाकली.

ओमेश्वरीनं त्या टोपलीत डोकावलं. दोन काड्या उचलून बाजूला फेकल्या.

"शेंडेच खुड न वो, बाई. दांड्या दाताखाली येतेत."

योगेश्वरी पुन्हा वाकली आणि शेंडे तेवढे खुडू लागली.