रूथचा खर्ज

रूथ पियानोची पट्टी दाबायची, एक बोट वर करायची आणि सूर विरेपर्यंत कुणाला बोलू द्यायची नाही. मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या माझ्या जुन्या पियानोंच्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हाही तेच. भाव सांगून गप्प बसायचं, गिऱ्हाईक घायकुतीला आलं की सौदा मारायचा, ही माझी रीत. ती माझ्याहून जास्त वेळ गप्प बसली. शेवटी मीच भाव उतरवला. "थांब," ती म्हणाली, "सूर अजून संपला नाही." तो राग अजून माझ्या मनात आहे.

बाई अमेरिकन, सत्तरी ओलांडलेली. तिकडच्या मोठ्या ऑर्केस्ट्रांसाठी तिने सिंफनी लिहिल्या होत्या. म्हातारपणी मुलीकडे मेलबर्नला आली. माझ्याकडून तिने नेमका सगळ्यांत खटारा पियानो उचलला. त्याची खर्जातली एक पट्टी दाबली की आत काहीतरी फर्रर्र थरथरायचं. तिच्या आईच्या पियानोतही तशीच थरथर होती म्हणे. दोन वर्षं खपून तिने त्याच सुरावर संपणारी रचना लिहिली. "ही शेवटची," म्हणायची.

कार्यक्रमासाठी पियानो हॉलवर मीच नेला. खिळखिळा माल मी व्हॅनमध्ये चढवत नाही. "सगळे स्क्रू आवळलेत, मॅडम. खडखड बंद!" मी ऐटीत सांगितलं.

तिचा चेहरा पांढरा पडला. लोक यायला तासभर होता.

"एकेक सैल कर. मी पट्टी दाबते."

मी एक फिरवला. "आला?" तिने विचारलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"महिना झाला, तो सूर मला ऐकूच येत नाही. मुलीला सांगू नकोस."

आणखी चार स्क्रू झाले. बाहेर गाड्या लागायला लागल्या. 'आला' म्हणून सुटता आलं असतं. गिऱ्हाइकाला याहून मोठ्या थापा मी मारल्यात. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. खालच्या बिजागरीचा स्क्रू सैल केला आणि फर्रर्र झालं.

"आला."

"नक्की?" असंही तिने विचारलं नाही. झाकण लावलं आणि म्हणाली, "पुढच्या रांगेत बस."

कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यांचे आभार होते, माझे नव्हते. तेही मी विसरलेलो नाही.

शेवटची पट्टी दाबून रूथने माझ्याकडे पाहिलं. टाळ्या वाजवायला लोकांनी हात उचलले होते. मी बोट वर केलं. थरथर विरत गेली, पार विरली, तेव्हा बोट खाली घेतलं. मग तिने पट्टी सोडली.

ती गेली त्याला आता वर्ष झालं.