श्वास संपेपर्यंत

आमच्या घरात पहिला बी.ए. मीच, तरी ती कादंबरी मला पेलेना. पानभर एकच वाक्य, ना पूर्णविराम, ना अवतरणचिन्हं. वाचनालयात परत द्यायला निघालो होतो. वडसा स्टेशनवर बाकावर शेजारी झाडीपट्टी रंगभूमीवरचा एक नट होता. आदल्या रात्रीच्या नाटकाचा रंग अजून त्याच्या कानामागं होता.

मला वैतागलेलं पाहून म्हणाला, "आण इकडे."

पोटावर हात ठेवून त्यानं मोठ्यानं वाचायला घेतलं. पान संपेस्तोवर त्याला धाप लागली.

"यात थांबायचं कुठं?" मी विचारलं.

"थे बाई पोरगं घेऊन जंगलातून पळून राह्यली, भाऊ. थे थांबली नाई, तू काऊन थांबतो?"

त्याची गाडी आली. दारातून त्यानं ओरडून विचारलं, "पोचली का थे?"

मला माहीत नव्हतं. मी उभ्याउभ्याच पान उलटलं.