काय काढलंस विचारणारी

"काय काढलंस?"

कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला की ती येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहायची, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरायची आणि एवढंच विचारायची. मला मराठीत, बाकी सगळ्यांना हिंदीत. "क्या निकाला?" समोरचा शपथेवर सांगायचा, की काहीच नाही, मी तर फक्त एक नवीन प्रोग्रॅम टाकला. ती मान हलवायची. "टाकलेलं कोणी विसरत नाही यार. काढलेलं विसरतात. नीट आठव."

आणि समोरच्याला आठवायचं. दर वेळी. हे मला फार खुपायचं.

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी व्यक्ती असेल. तिच्याविषयी कोणी वाईट बोलत नाही, आणि आपणच का एकटे चिडतो, हे आपल्याला कोणापुढे बोलता येत नाही. मला तिचा हेवा वाटायचा. पुष्कळ वर्षं झाली, तरी अजून थोडा वाटतो. पण सांगण्यासारखी ती खरंच होती, म्हणून सांगतो.

नोएडात तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उगवू लागल्या होत्या. आमच्या ऑफिसच्या चौथ्या मजल्यावरून एका बाजूला तशीच दुसरी इमारत दिसायची आणि दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत आणि म्हशी. मी पुण्याहून आलेला. दिल्लीत मयूर विहारमध्ये भाड्याने राहायचो आणि सर्व्हर सांभाळायचं काम करायचो. परदेशातली एक कंपनी आमच्याकडून सॉफ्टवेअर करून घ्यायची, आणि त्या सगळ्या कामाचा गाडा एका मोठ्या लिनक्स मशीनवर चालायचा. ते मशीन माझं होतं. म्हणजे मी तसं समजायचो.

त्याला कारणही होतं. मशीन चालू झालं की त्यात सगळ्यात आधी जो जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो, त्या प्रोग्रॅमला कर्नेल म्हणतात. तयार कर्नेल मिळतो, पण मी आमच्या मशीनपुरता स्वतः बांधला होता. नको ते काढून, हवं ते घालून, पुन्हा पुन्हा बिघडवून. त्याच्या नावात माझी आद्याक्षरंही घातली होती. ऑफिसात त्याला सगळे 'कर्नल' म्हणायचे. आमचे मॅनेजर नवीन आले तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "ये कर्नल साहब कौन हैं? मीटिंग में नहीं दिखे कभी." तेव्हापासून त्याचं नाव कर्नल साहेबच पडलं.

ती माझ्यानंतर आली, पण माझ्या वरच्या जागेवर. दिल्लीतच सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्मलेली, तिथेच वाढलेली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, मूळचे सांगलीकडचे. तिचं मराठी ऐकलं की माझ्या पुणेरी कानांना आधी त्रास व्हायचा आणि मग बरं वाटायचं, कारण निदान तिथे तरी मी वरचढ होतो. "आज फार ठंड आहे," ती म्हणायची. मी म्हणायचो, "थंडी." एकदा म्हणाली, "चाबी दहलीजवर पडली होती." मी म्हटलं, "उंबरठ्यावर. आणि किल्ली." मला वाटलं, ओशाळेल. ती उलट खूश झाली. "उंबरठा! अरे, किती मस्त शब्द आहे. आईने मला का नाही सांगितला?" मग दिवसभर ती जो भेटेल त्याला हिंदीत 'उंबरठा' शिकवत होती. संध्याकाळी आमचा पंजाबी रिसेप्शनिस्ट मला दारात अडवून म्हणाला, "सर, उंबरठा!" शब्द माझा, कौतुक तिचं.

असं सगळ्याच बाबतीत व्हायचं. कंपनीच्या ड्रायव्हरची गाडी एकदा सुरू होईना. बॉनेट उघडून चारपाच जण आत डोकावत होते. ही डबा हातात घेऊन जाता जाता थांबली. "भैया, क्या निकाला?" ड्रायव्हर म्हणाला, कुछ नहीं, मैडम. मग डोकं खाजवून म्हणाला, टेपरेकॉर्डर चालत नव्हता म्हणून त्याला एक फ्यूज दुसरीकडून काढून लावला होता. ती पुढे गेली, आणि मागे फ्यूज परत जागेवर लावताच गाडी सुरू झाली. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी पैजेवर सांगतो. पण त्या दिवसापासून ड्रायव्हर तिला बस स्टॉपपर्यंत सोडायला लागला. मी तिच्या आधीपासून तिथे होतो आणि रोज तेवढंच चालत जायचो.

दिवाळीत मी तिला घरी जेवायला बोलावलं. बोलावलं म्हणजे बायकोने बोलवायला लावलं. पाहुणीने दोन वेळा आमटी मागून घेतली, आमच्या बंद पडलेल्या गीझरपुढे उभं राहून नेहमीचा प्रश्न विचारला आणि निघून गेली. बायको भांडी आवरताना म्हणाली, "किती साधी आहे ना? तिला येतं सगळं, पण तुझ्यासारखं समजावत नाही बसत." गीझर का बंद पडला ते मी समजावणार होतो, ते राहू दिलं. तेही बायकोच्या लक्षात आलं नाही.

मग तो जानेवारी आला.

मी चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो. मागे परदेशच्या कंपनीकडून सूचना आली, की घरी बांधलेले जुने कर्नेल सुरक्षित नाहीत, ते काढून तयार कर्नेल बसवा. काम तिच्याकडे आलं. तिने ते केलंही. फक्त मशीन लगेच बंद करून चालू करून पाहिलं नाही, कारण दिवसभर त्यावर लोक काम करत होते. नंतर एका पहाटे वीज गेली, बॅटऱ्या संपल्या आणि मशीन पडलं.

त्याच दिवशी माझी गाडी धुक्यामुळे फार उशिरा निजामुद्दीन स्टेशनला पोचली. घरी सामान टाकून मी ऑफिसात आलो तर चौथ्या मजल्यावर कोणी बसलेलं नव्हतं. सगळे सर्व्हरच्या खोलीच्या काचेला लागून उभे होते. आत ती होती, हात काखेत, आणि पडद्यावर 'लोडिंग' एवढा एक शब्द उमटून मशीन तिथेच थांबलेलं.

परदेशचे पाहुणे त्याच दिवशी येणार होते. धुक्यामुळे त्यांची गाडी रस्त्यात रेंगाळत होती, एवढीच काय ती मेहेरबानी. त्यांना दाखवायचं सगळं काम त्या मशीनमध्ये होतं. मॅनेजरनी साऱ्यांसमोर सांगितलं होतं, की आज काही दिसलं नाही तर हे काम आपल्याकडून जाईल, आणि काम गेलं तर माणसंही जातील. काचेला लागून उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांनी नुकतीच गाझियाबादला, इंदिरापुरमला घरं घेतली होती. 

आता मी जे केलं, त्याची मी कितीतरी दिवस वाट पाहिली होती. मी आत गेलो, तिच्या मागे उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय काढलंस?"

तिने वळून पाहिलं.  आणि ती खळखळून हसली. "तुझे कर्नल साहेब काढले!" मग काचेकडे बघून हिंदीत ओरडली, "सुनो सब, मैंने कर्नल साहब को रिटायर कर दिया. गलती मेरी है!"

बाहेर सगळे हसले. सकाळपासून पहिल्यांदा हसले असावेत. मॅनेजरसुद्धा. कोणीतरी चहा मागवला. मी मध्ये उभा. इतक्या दिवसांचा राखून ठेवलेला बाण मी सोडला आणि तिने तो फुलासारखा झेलून लोकांना दाखवला. मला तिच्या हुशारीचा हेवा वाटतो असं मी तोवर समजत होतो. तसं नव्हतं. ती चुकू शकत होती. भर ऑफिसात, सगळ्यांदेखत, जीव न जाता. मला ते आजही येत नाही. माझी चूक झाली की मी आधी कारण शोधतो आणि मग आवाज चढवतो.

"दार लाव," ती हळूच म्हणाली.

मी दार लावलं. तिने हात काखेतून काढून माझ्यासमोर धरले. दोन्ही हात थरथरत होते. असे तसे नाही, चहाचा कप धरता येणार नाही इतके.

"लहानपणापासून आहे," ती म्हणाली. "डरले की होतं. टाइप नाही होत मला. तू बस ना, प्लीज."

तिची ती हात काखेत दाबून उभं राहण्याची पद्धत मला तोवर ऐट वाटत आली होती.

मी बसलो. ती मागे उभी राहून सांगू लागली. कर्नल साहेब गेले, पण मशीनला चालू होताना कोणाला हाक मारायची याची जी नोंद असते, तीत जुनाच पत्ता होता. त्या पत्त्यावर आता कोणी राहत नव्हतं. आम्ही सीडीवरून मशीन उठवलं, पत्ता बदलला, पुन्हा चालू केलं. या वेळी मशीन 'लोडिंग'च्या पुढे गेलं, भराभर ओळी धावल्या, बाहेर कोणीतरी टाळीही वाजवली. आणि परत थांबलं. आता तक्रार दुसरी होती. नव्या कर्नेलला स्वतःची हार्ड डिस्कच सापडत नव्हती.

 मी मागे पाहिलं तर ती पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"तू त्यात काय घातलं होतंस?" तिने विचारलं.

हा प्रश्न मी तिच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. आणि मला कसं सांगू, मला फार बरं वाटलं. त्या मशीनमधली हार्ड डिस्क एका वेगळ्या कार्डावर चालायची. त्या कार्डाला चालवणारा तुकडा मी माझ्या कर्नेलच्या पोटातच बांधून टाकला होता. तयार कर्नेलमध्ये तो पोटात नसतो, बाहेर असतो, आणि तो ठेवलेला होता त्याच डिस्कवर. "म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात," मी म्हटलं.

"आणि मी कपाट बंद केलं," ती म्हणाली. "मग? किल्ली बाहेर कशी काढायची?"

त्याला उपाय होता. तो तुकडा एका छोट्या गाठोड्यात बांधून कर्नेलच्या हाती आधीच द्यायचा. पुन्हा सीडी, पुन्हा सगळं. मी टाइप करत होतो, ती प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होती. एका ठिकाणी माझं एक अक्षर सुटलं, ते तिने पकडलं. शेवटी मशीन चालू झालं आणि नाव विचारणारी साधी ओळ पडद्यावर आली, तेव्हा तिने तीही मोठ्याने वाचली.

दार उघडलं. मॅनेजर धावत आत आले, कीबोर्डपुढे मी बसलेलो, आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात लांब करून तिचं अभिनंदन केलं. "मैडम ने कर दिया!"

"मैंने तो बिगाड़ा था, सर," ती म्हणाली. "ठीक इसने किया. इसका कर्नल समझदार था, मेरा वाला बुद्धू."

झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या तिच्या मोठेपणाला होत्या. श्रेय देण्यातही तीच पुढे. त्या दिवशी पाहुणे आले, त्यांनी काम पाहिलं, कोणाची नोकरी गेली नाही. पुढे कितीतरी दिवस लोक मला येऊन सांगत होते, की मॅडम किती दिलदार आहेत, बघा.

त्यानंतर मात्र ती अडली की मला टाइप करायला बोलवायची. कोणाला काही सांगितलं नाही, मीही नाही. आम्ही दोघं मिळून सर्व्हरच्या खोलीत जायचो आणि लोकांना वाटायचं, मी तिचा मदतनीस आहे.

वर्षभराने तिचे वडील निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं होतं. आईवडिलांना सांगलीला जायचं होतं आणि आईच्या गुडघ्यांमुळे त्यांना एकटं सोडता येत नव्हतं. गुडगावच्या एका मोठ्या कंपनीने तिला त्याच आठवड्यात बोलावलं होतं. मला बोलावलं असतं तर मी पेढे वाटले असते. तिने नाही म्हणून कळवलं.

"वेडी आहेस का?" मी म्हटलं. "सांगलीत काय करणार तू?"

"कॉलेजात शिकवेन बहुतेक. माहीत नाही रे. मला तर तिथले रस्तेही माहीत नाहीत." आणि मग म्हणाली, "तिथे सगळे तुझ्यासारखं मराठी बोलतील. माझं काय होणार?"

"काही होणार नाही," मी म्हटलं. "आठवड्यात सगळं गाव 'दहलीज' म्हणायला लागेल." ती हसली. ही मी तिच्याशी बोललेली सगळ्यात खरी गोष्ट असावी.

तिची जागा मला मिळाली. पगारही वाढला.

सामान निघालं त्या रविवारी मी सरोजिनी नगरला गेलो. ऊन चांगलं पडलं होतं. क्वार्टरच्या पुढच्या गवतावर ट्रंका, गाद्या, कूलर, आणि त्यांच्याभोवती क्वार्टरांची सगळी ओळच्या ओळ जमलेली. पंजाबी, बंगाली, तमिळ, सगळ्या घरांतल्या बायका डबे घेऊन आल्या होत्या. कोणी तिच्या आईला मिठी मारून रडत होतं, कोणी वडिलांना औषधांच्या वेळा पुन्हा सांगत होतं. ती मधोमध एका ट्रंकेवर बसली होती आणि जो येईल तो तिच्या डोक्यावरून हात फिरवून जात होता. मी लांब कडुलिंबाखाली उभा राहिलो. मनात आलं, आपण मयूर विहारचा फ्लॅट सोडू तेव्हा घरमालक तेवढा येईल, भिंतींना खिळ्यांची भोकं किती पडलीत ते बघायला.

तिने मला पाहून हात केला. जवळ जाऊन काही बोलावं एवढ्यात ट्रक सुरू झाला, मागून त्यांची टॅक्सी. गर्दीतून वाट काढत ती टॅक्सी मार्केटच्या बाजूला वळली आणि दिसेनाशी झाली. माणसं हळूहळू आपापल्या दारांकडे परतली. मी तिथेच.

शेजारच्या क्वार्टरमधल्या एक वयस्क बाई, पदराने डोळे पुसत, माझ्यापाशी येऊन थांबल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जाने दो बेटा," त्या म्हणाल्या. "पहुँचते ही फोन करेगी. भाई हो ना उसके?"

मी मान हलवली. त्यांनी घरात नेऊन मला चहा दिला, आणि मी तो सगळा पिईपर्यंत बसलो.