दारूचे डबे

मार्च १९७३. सकाळची वेळ, बाजाराचा दिवस. हजर: मी, म्हणजे त्या ठाण्याला नवा आलेला फौजदार, मिशा राखून असलेले आमचे जमादार, दोन शिपाई, गावातून बोलावलेले दोन पंच. एवढ्या सगळ्यांनी मिळून त्या दिवशी एका लग्नघरातले धान्य हुंगले. नोकरीत पुढे खून झाले, दरोडे झाले; त्यांचे तपशील आता कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. हे प्रकरण मात्र वासासकट लक्षात आहे.

आमचे ठाणे नगर शहराबाहेर, लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानापासून फार लांब नव्हते. तोफांचा सराव सुरू झाला की कौलांवरची धूळ रोजनाम्यावर पडायची आणि ठाणे अंमलदार ती फुंकून पुढे लिहायचा. फोन हाताने फिरवून लावायचा. जीप होती, पेट्रोल नसायचे, म्हणून सगळा कारभार सायकलींवर. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. बंदोबस्त बहुतेक पाण्याच्या टँकरवर आणि खडी फोडण्याच्या कामांवर लागायचा. उरलेल्या वेळात दारूबंदीचे छापे. हातभट्टीच्या केसेस किती केल्या यावरून वरचे साहेब ठाण्याची हुशारी मोजत.

त्यामुळे बाजारात घोंगड्या विकणारा आमचा खबऱ्या सकाळीच येऊन म्हणाला, की अमुक वस्तीवर दारूचे डबे आलेत, तेव्हा कोणी जास्त विचारले नाही. डबे लोखंडी, उभे, मांडीएवढ्या उंचीचे, झाकण घट्ट, घरात रांगेने मांडलेत, असे त्याने सांगितले. घरात लग्न आहे, हेही सांगितले. लग्न आणि दारूचे डबे, जमादारांच्या मनात केस तिथेच शाबीत झाली.

वस्तीवर मांडव पडला होता. मुलीचे लग्न दुसऱ्या दिवसावर आले होते. घरात म्हातारी आई, तिचा कर्ता मुलगा, दोन सुना आणि ती नवरी मुलगी. म्हातारीने कपाळावर सुंठीचा लेप लावून डोक्याला फडके करकचून बांधले होते. पंचांसमक्ष झडती सुरू झाली. डबे खरोखरच रांगेने उभे होते. जमादारांनी पहिल्याचे झाकण काढले आणि नाक आत घातले.

म्हातारी उंबऱ्यात बसून पाहत होती. "हुंगा, हुंगा," ती म्हणाली. "रेशनची मिलो हाय. आमाला तर ती खाऊन नशा चढली न्हाई, तुमाला चढती का बगा."

पंच हसले. जमादारांनी एकेक करून सगळे डबे उघडले. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, बाजरी, थोडे गहू, लाडवांसाठी दळून आणलेले बेसन. शेवटी मुलानेच उलगडा केला. डबे दारूचेच होते, पण तोफेच्या दारूचे. लष्कर रिकामे डबे लिलावात विकते, भंगारवाला ते बाजारात आणतो, आणि या मुलाने ते मिरजगावच्या बाजारातून धान्यासाठी घेतले होते. आसपासच्या गावांत त्यांना सगळेच 'दारूचे डबे' म्हणत. खबऱ्या खोटे बोलला नव्हता. आम्हीच आमच्या कामाचा अर्थ लावून सायकली पिटाळल्या होत्या.

काही आक्षेपार्ह मिळून आले नाही, असा पंचनामा झाला. निघताना मी म्हातारीला सहज विचारले, ताप आहे का. ताप नाही, नुसते टाळके ठणकते, असे तिने सांगितले. लग्नघरात डोके दुखणे यात नवल काय, असे समजून आम्ही परतलो. जमादार वाटभर सायकल पुढे दामटत होते. शिपाई मागे राहून हसत होते ते त्यांना ऐकू येत होते.

डबे लष्कराचे आहेत म्हटल्यावर विक्री कायदेशीर आहे की नाही, याची खात्री करणे भाग होते. खुणेसाठी एक डबा रिकामा करून घेऊन मी पावती देऊन सोबत आणला होता. फोन फिरवला. दुपारी दारूगोळा विभागाचे एक तरुण कॅप्टन स्वतःच जीप घेऊन आले. पुण्याकडचे, इंजिनियरिंग शिकलेले, बोलके. डबा टेबलावर पाहून ते असे खूश झाले, की जणू शाळेतला मित्र भेटला.

विक्री कायदेशीर आहे, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. मग चहा आला आणि त्यांनी डब्याची सगळी वंशावळ सांगितली. ती मला अजून क्रमाने पाठ आहे. आधी दारू म्हणजे काळी भुकटी, आणि ती ठेवायला लाकडी पिंप. पिंपाला पट्टे तांब्याचे, कारण लोखंडावर लोखंड घासले की ठिणगी पडते. कोठारात जाणाऱ्याने खिळ्यांचे जोडे बाहेर काढायचे, तेही त्याच कारणाने. कोठारातून तोफेपर्यंत दारू न्यायला चामड्याच्या नळ्या. पण लाकूड आणि चामडे ओल धरते आणि ओली दारू दगा देते, म्हणून पितळी आणि तांब्याच्या पेट्या आल्या. पुढे काळी भुकटी गेली, काड्यांच्या रूपातली बिनधुराची दारू आली, आणि लढाया इतक्या मोठ्या झाल्या की पितळ परवडेना. मग पोलादी पत्र्याचा हा डबा. अंगावरच्या फुगीर कड्या शोभेच्या नाहीत, पातळ पत्र्याला त्या बळ देतात. झाकणात रबराची चकती, म्हणजे ओल आत नाही आणि आतली वाफ बाहेर नाही.

"म्हणून तर धान्याला टोके लागत नाहीत," जमादार एकदम म्हणाले. दिवसभरातले त्यांचे ते पहिलेच वाक्य.

कॅप्टन हसले. उठता उठता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे दारूच्या काड्या हाताळणाऱ्या नव्या कामगाराचे डोके पहिले काही दिवस फुटल्यासारखे दुखते. मग सवय होते. रजेवरून परत आला की पुन्हा दुखते. कामगार गमतीने त्याला सोमवारचे दुखणे म्हणतात.

मी विचारले, "तापाशिवाय?"

"तापाशिवाय. काड्यांतले रसायन कातडीतून आत जाते."

मी त्यांना म्हातारीच्या फडक्याविषयी सांगितले. कॅप्टनांनी टोपी हातात घेतली ती पुन्हा टेबलावर ठेवली नाही. आम्ही त्यांच्याच जीपमधून वस्तीवर गेलो. उन्हे उतरायला लागली होती.

मांडवामागे लांब चर खणून चुलाणे तयार झाले होते. सकाळी ते पेटायचे होते. मी आधी मुलाला बाजूला घेतले. सगळे डबे रिकामेच मिळाले, भंगारवाल्याने उघडून दाखवले, असे तो म्हणाला. म्हातारीला शेजारच्या ओट्यावर बसवून विचारले. सगळे डबे रिकामेच मिळाले, भंगारवाल्याने उघडून दाखवले, असे तीही म्हणाली. माझा अनुभव असा, की खरे बोलणारी दोन माणसे कुठेतरी चुकतात. एकाला डबे सकाळी आले असे वाटते, दुसऱ्याला दुपारी. शब्दाला शब्द जुळला की तो पाठ केलेला असतो. पण म्हातारीला दरडावून काही निघाले नसते. मी डब्यांचा विषय सोडला.

"मावशी, डोकं कधीपासून दुखतंय?"

एवढे विचारल्यावर ती मोकळी झाली. लग्नाच्या धांदलीत तिला हे कोणी विचारलेच नव्हते. पंधरवडा होत आला होता. सुंठ झाली, वेखंड झाले, नजर काढून झाली. "सकाळी चूल पेटवली की लागतंय ठनकाय. मदी एक दिवस थोरलीनं पेटवली, तर तिचंबी दुकाया लागलं. म्हनली, आत्याबाई, तुमची चूल तुमाला लखलाभ."

"चूल पेटवता कशानं?"

म्हातारी थांबली. तिने मांडवाकडे, मुलाकडे पाहिले. सरपण मिळत नव्हते, रॉकेलला रांगा होत्या, आणि त्या घरातली चूल रोज विनातक्रार पेटत होती.

मी मुलाला बोलावले. कलम सांगितले नाही. तुझ्या आईचे डोके ज्या वस्तूने दुखते ती मला ठाऊक आहे, आणि हे साहेब ती रोज हाताळतात, एवढेच सांगितले. त्याने कॅप्टनांच्या गणवेशाकडे पाहिले, मग आईच्या फडक्याकडे.

"माज्या आयेला काय व्हनार न्हाई ना, साहेब?" त्याने विचारले.

काड्या घरातून गेल्या की डोकेदुखी थांबेल, असे कॅप्टनांनी सांगितले. मग तो उठला आणि आम्हाला चुलाण्यापाशी घेऊन गेला. चराच्या काठाला, निखारे उडतील इतक्या अंतरावर, एक डबा आडवा टाकून त्यावर गोणपाट अंथरले होते. सकाळी आचाऱ्याने बसून बुंदी पाडावी म्हणून ते बसणे केले होते.

कॅप्टनांनी सगळ्यांना लांब पाठवले, डबा उचलून मोकळ्या रानात नेला आणि उघडला. आत कापडी पिशव्यांत बांधलेल्या काड्या होत्या. मधाच्या रंगाच्या, सरळ, वाळत घातलेल्या शेवयांसारख्या. घरात त्यांना शेवयाच म्हणत. ढिगातला एकच डबा भरलेला निघाला होता. मुलाने घाबरत एक काडी लांब नेऊन पेटवून पाहिली होती. ती उडाली नाही, गपगुमान जळाली. तेव्हा ही वस्तू निर्धोक आहे, असे त्याने ठरवले. पोलिसांना सांगितले तर डबाही जाईल आणि सरपणही, म्हणून आईला पढवून ठेवले.

गाव गोळा झाले होते. कॅप्टनांनी काही काड्या जमिनीवर ओळीने मांडून टोकाला आगपेटीची काडी लावली. पिवळी लांब ज्वाळा सरसर धावली आणि संपली. आवाज नाही, धूर नाही. मागे कोणीतरी म्हणाले, एवढ्यासाठी जीप आणली व्हय.

"मोकळी असली की दारू नुसती जळते," कॅप्टन वळून म्हणाले. "कोंडली की तोफ होते."

त्यांनी डब्याच्या झाकणावर हात ठेवला आणि चुलाण्याकडे बोट केले. पुढचे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. म्हातारी खाली बसली. मग म्हणाली, "म्हंजी आचाऱ्याला आमी तोफंवर बशिवनार हुतो."

कोणी हसले नाही. नवरी मुलगी मांडवाच्या मेढीला धरून उभी होती. मेंदीचे हात तिने अंगापासून लांब धरले होते.

लग्न ठरल्या वेळी लागले. चोरीचा प्रकार नव्हता. भरलेला डबा रिकाम्यांत कसा आला, त्याची चौकशी लष्कराने आपल्या बाजूने केली. मुलाचा जबाब झाला, वरिष्ठांनी समज देऊन सोडण्यास मंजुरी दिली. आम्ही भंगारवाल्याचा उरलेला माल आणि बाजारातून गेलेले डबे घरोघर तपासले. सगळे रिकामे निघाले. जमादार लग्नाला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या खिशात लाडू होते आणि ते स्वतःच आपली थट्टा करू लागले होते. पुढे कोणी दारूची खबर आणली की ते पहिल्यांदा विचारायचे, "पिण्याची का तोफेची?"

तो प्रश्न मी नोकरीभर वापरला. माहिती देणारा त्याच्या भाषेत बोलतो आणि ऐकणारा आपल्या धंद्याच्या भाषेत ऐकतो. जमिनीच्या भांडणात, नात्यांच्या भांडणात, शिव्यांवरून झालेल्या मारामाऱ्यांतही हेच दिसले. दुसरे एक दिसले. कायद्याच्या भीतीने गप्प बसलेला माणूस आणखी कायदा दाखवून बोलत नाही. त्याला ज्याची काळजी आहे त्याचे नाव काढावे लागते.

आमच्या घरात आज तसाच एक डबा आहे. बायकोने तो त्याच बाजारातून आणला, मी उघडून, कॅप्टनांना दाखवून मग आत घेतला. त्यात ज्वारी असते. रबराची चकती विरून गेली, तिथे आम्ही मेणकापड लावतो. नव्या स्टीलच्या पिंपाला ती सर नाही. उन्हाळ्यात झाकण काढताना होणारा फस्स आवाज ऐकला की ते ठाणे, त्या सायकली, चहाचे जाड कप सगळे पुन्हा समोर येते. जमादार गेले. कॅप्टन मोठे अधिकारी होऊन निवृत्त झाले, असे ऐकले.

राहिलेले एक काम तेवढे सांगायचे आहे. म्हातारीचा हात सढळ होता. घरी आलेल्या नात्यातल्या बायकांना तिने चुलीसाठी शेवयांच्या जुड्या बांधून दिल्या होत्या. मी त्यांची यादी केली आणि एकेक जुडी परत आणली. एक राहिली. ती जिला दिली ती बाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर श्रीगोंद्याकडे होती. मी तिथे पोहोचलो तेव्हा हंगाम संपून टोळी उठली होती. कोप्यांच्या, म्हणजे त्यांच्या झोपड्यांच्या, जागी पाचट आणि विझलेल्या चुली. पुढे टोळीच्या मुलखात, बीडकडे, निरोप पाठवले, बदल्या झालेल्या प्रत्येक ठिकाणाहून विचारणा केली. ती बाई सापडली नाही. सगळ्या काड्या तिने तेव्हाच जाळून टाकल्या असतील, असे मी स्वतःला सांगतो. पण तसा जबाब माझ्यापाशी नाही. कॅप्टनांनी मला बजावले होते, की ही दारू जुनी झाली म्हणजे निवत नाही. आतल्या आत बिघडते आणि कधीकधी आपणहून पेट घेते.

तेव्हा कोणाच्या माळ्यावर, आजीच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेल्या मधाच्या रंगाच्या काड्या असतील, तर त्या पेटवून पाहू नयेत, डब्यात भरू नयेत, पोरांच्या हाती देऊ नयेत. आहेत तिथेच राहू देऊन जवळच्या ठाण्याला कळवावे. कोणी काही विचारणार नाही. मला फक्त ती एक जुडी जमा करायची आहे.