कोपरखळी

आज चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश जिभेवर होता. बोललेला शब्द माणसाला कसा मोडतो हे ते सांगत होते, तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या रूथमावशींनी नवऱ्याला कोपरखळी मारली. काका डुलकीतून दचकले. "ऐका जरा, तुमच्यासाठीच चाललंय," मावशी कुजबुजल्या.

मला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली. इतका वेळ मी तरी दुसरं काय करत होते? पहिलं वाक्य मी मनातल्या मनात जाऊबाईंना देऊन टाकलं होतं, दुसरं शेजारणीला. दर रविवारी मी उपदेश असा वाटून टाकते आणि रिकाम्या हाताने घरी येते. पश्चात्तापसुद्धा आम्हाला दुसऱ्याचाच आवडतो!

प्रार्थनेला डोळे मिटले तेव्हा माझा वाटा समोर आला. सून स्वयंपाकघरात गुणगुणत असते आणि माझी चाहूल लागली की गप्प होते. का, ते मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

बाळाला सर्दी म्हणून ती आज घरीच होती. मी आले तेव्हा भाकरी थापता थापता गीत म्हणत होती. माझ्या चपला वाजल्या आणि गीत थांबलं.

"थांबलीस का? म्हण की," मी म्हणाले.

"काही नाही, आई. असंच," म्हणत तिने भाकरी तव्यावर टाकली.

बरोबरच आहे. इतकी जुनी भीती एका शब्दाने कशी जाईल? मी पदर खोचला, तिच्या शेजारी उभी राहिले आणि पुढचं कडवं माझ्या बेसूर आवाजात स्वतःच सुरू केलं. उद्याही करणार आहे.