पेशींना जेवू घालणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडमइतकं थकलेलं माणूस परळमध्ये दुसरं नसेल, आणि परळमध्ये थकलेल्या माणसांची काही कमी नाही. सकाळी गिरगावातून त्या लॅबमध्ये यायच्या तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावर संध्याकाळ झालेली असायची. पर्स खुंटीला अडकवायच्या, एक मोठा श्वास सोडायच्या आणि म्हणायच्या, "चला, आज शेवटचं." हे मी रोज ऐकलं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाई आज राजीनामा देणार. नंतर कळलं की त्या राजीनामा देत नाहीत, फक्त पंख्याचं बटण लावतात.

मी त्यांच्याकडे पीएचडी करते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेलं कुणी नाही, त्यामुळे मी नेमकं काय करते हे लालबागच्या आमच्या चाळीत कुणालाच नीट सांगता आलं नाही, मलाही नाही. मॅडमच ते सोपं करून सांगायच्या. प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, गिरणीत बॉबिनवर सूत असायचं तसा. धागा तुटला की जवळच्या हिस्टोनवर एक खूण उमटते. ती पाहून दुरुस्तीवाली प्रथिनं धावत येतात, आणि काम झालं की खूण पुसली जाते. आम्ही हे टी पेशींत बघत होतो, म्हणजे रक्तातल्या राखणदार पेशींत. आमच्या फ्लास्कमधल्या पेशींचं वेगळेपण असं, की धागा जोडून झाला तरी खूण पुसली जात नव्हती. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. माझा शोधनिबंध त्यावर, माझी पीएचडी त्यावर, आणि निवृत्तीला आलेल्या मॅडमचं शेवटचं मोठं काम तेच.

मॅडमचा माणसांपेक्षा पेशींवर जीव जास्त, असं सगळे म्हणायचे. माणसांना त्या "तुम्ही लोक" म्हणायच्या आणि पेशींना "बायांनो". स्वतःचा डबा उभ्याउभ्या चार घासांत संपवणार, पण पेशींचं मीडियम, म्हणजे त्यांचं लालसर रंगाचं जेवण, अंगाच्या उबेइतकं कोमट झालंय की नाही हे बाटली मनगटाला लावून बघणार, तान्ह्या बाळाचं दूध बघावं तसं. पेशी एका फ्लास्कमधून दुसऱ्यात नेल्या की त्यावर पिढीचा आकडा लिहायचा असतो. मॅडमना ती सवय इतकी लागली होती की घरच्या दह्याच्या भांड्यालाही चिठ्ठी असायची. विरजण एका भांड्यातून दुसऱ्यात गेलं की आकडा एकाने वाढला. एकदा त्यांनी माझ्या आईसाठी विरजण पाठवलं. आईने झाकण उलटसुलट करून बघितलं.

"ह्या दह्याक नंबर कित्याक गो?"

"ती त्याची पिढी आहे आई."

"आणि तुझी मॅडम माणसाक जेवूक विचारता, की नुसत्या पेशींका?"

मला मॅडमनी जेवायला कधीच विचारलं नव्हतं. पण सणासुदीला त्या सगळ्या विद्यार्थ्यांना घरी हाकलायच्या आणि मजल्यावरच्या सगळ्या लॅबच्या पेशी एकट्या सांभाळायच्या, हेही खरं. "तुम्ही लोक जा, आरत्या करा. यांना मी वाढते."

मी नवीन होते त्या वर्षीचा गणेशोत्सव. रस्ते बंद, बस बंद, म्हणून मॅडम भायखळ्यापासून चालत निघाल्या. लालबागच्या गर्दीत एका कार्यकर्त्याने त्यांना धरलं. "मावशी, मध्येच कुठे घुसता? लायनीत या!" मॅडम म्हणाल्या, "मला दर्शन नकोय." तो म्हणाला, "असं बोलू नये मावशी," आणि त्यांना रांगेत लावून दिलं. बांबूंच्या मधून बाहेर पडायला वाट नव्हती. कित्येक तासांनी त्या थेट मूर्तीसमोर पोचल्या. "काय मागितलंत?" असं आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, "सोडा म्हटलं. माझ्या बाया उपाशी आहेत." लॅबमध्ये येऊन त्यांनी सगळ्यांच्या पेशींना वाढलं. ही गोष्ट आम्ही पुढे कितीतरी वेळा हसत सांगितली.

गेल्या वर्षी आमचा निबंध छापायला निघाला. नियतकालिकाने एवढंच मागितलं, की पेशी खरंच त्याच आहेत याची तपासणी जोडा. डीएनएवरून ओळख पटवतात, आधार कार्डासारखं. नुसती औपचारिकता होती. मी नमुना पाठवला आणि घरी सांगून टाकलं की आता झालंच.

अहवाल आला तेव्हा मॅडम उभ्या होत्या. वाचून झाल्यावरही उभ्याच होत्या. आमच्या फ्लास्कमध्ये आमच्या टी पेशी नव्हत्याच. होत्या त्या शेजारच्या लॅबच्या, रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी. दोन्ही गोल, दोन्ही तरंगणाऱ्या, दिसायला बहिणी. पण शेजारच्या लॅबच्या फार भराभर वाढतात. त्यांचा एक थेंब आत पडला तरी पुरतो, काही आठवड्यांत मूळच्या पेशींना जागाच उरत नाही.

"त्या दिवशी," मॅडम हळू म्हणाल्या, "रांगेतून आले होते. पाय दुखत होते. प्रत्येकीला मीडियमची वेगळी बाटली घ्यायची असते. मी एकाच बाटलीतून दोघींना वाढलं."

शेजारच्या लॅबचे सर आले. चांगले आहेत ते, मदत म्हणूनच बोलले. "मॅडम, फ्रीझरमध्ये तुमच्या पेशींची अगदी सुरुवातीची जुनी कुपी आहे ना? ती वितळवा, तिची तपासणी जोडा. कागद स्वच्छ. पोरीचं पण होऊन जाईल. कुणाला कळतंय?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला काय हवं होतं ते त्या क्षणी मलाच नीट कळत नव्हतं. घरी पेढे वाटून झाले होते.

"हिला कळतंय की," मॅडम म्हणाल्या. आणि निबंध मागे घेतल्याची मेल त्यांनी उभ्याउभ्याच लिहिली.

त्याच आठवड्यात त्या आमच्या चाळीत आल्या. तीन जिने चढून, धापा टाकत. बाबा शिवडीच्या गोदामातून लवकर आले होते, भांडायच्या तयारीत. मॅडमनी बॉबिनपासून सुरुवात केली. बाबा ऐकता ऐकता गुंतले.

"म्हणजे सूत तुटलं की ते दुरुस्तीवाले येणारच? ते संप नाय करत?"

"वय झालं की करतात," मॅडम म्हणाल्या.

बाबा हसले, मग त्यांना राग आठवला. "पण मॅडम, पोरीची चार वर्षं गेली त्याचं काय? चूक कोणाची?"

"माझी. तिची काहीच नाही. अजून दीड-दोन वर्षं लागतील तिला. तिला थांबवू नका, हे सांगायला आले."

आईने चहा आणला. मॅडम गेल्यावर बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आता भांडायचं कोणाशी?"

आम्ही सगळ्या फ्लास्कमधल्या पेशी ब्लीच ओतून संपवल्या. जुनी कुपी वितळवली, खऱ्या पेशी वाढवल्या, सगळं पहिल्यापासून. मध्येच मॅडम निवृत्त झाल्या. मी एकटी धागे तोडत आणि खुणा मोजत राहिले. गेल्या महिन्यात उत्तर आलं, तेव्हा त्यांना फोन केला.

"मॅडम, पुसली जाते. खूण वेळेवर पुसली जाते. पुस्तकात लिहिलंय तस्संच."

"म्हणजे आपलं नवीन काहीच नाही."

"नाही मॅडम."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "धडधाकट आहेत बिचाऱ्या. थिसिस बारीक होईल गं तुझा."

"हो."

"होऊ दे. लिही." मग म्हणाल्या, "कुकर झालाय, थांब, गॅस बंद करून येते."

त्या आल्याच नाहीत. विसरल्या असणार. भांड्यांचा आवाज येत होता, नळाचा येत होता. खुर्ची ओढल्याचा आला, आणि मग एका माणसाच्या जेवणाचा, सावकाश. मला हाक मारता आली असती. मी फोन कानाला धरून तशीच बसून राहिले.